एप्रिल-मे: शाड आणि स्ट्राइप्ड बास गरवायला डेलावेअर नदी की हडसन?

खाडीकाठ_एडिसन
मंडळी, मुक्काम न्यू जर्सी, एडिसन. कोकणात खाडीला गरवायची सवय आहे, पण इथल्या वसंतातल्या चढणीच्या माशांचा अंदाज येत नाही. शाड (हिलसाच्या कुळातला) आणि स्ट्राइप्ड बास (इथे स्ट्राइपर म्हणतात) दोन्ही धरायचे आहेत. ट्रेंटनपर्यंत भरतीचं पाणी चढतं आणि तिथे दोन्ही मासे येतात, म्हणजे एकाच ठिकाणी काम व्हावं असा हिशोब आहे. बोट नाही, काठावरूनच. सामान: ७ फुटी मीडियम रॉड, ३००० चं रील, १० पौंडी तंगूस. हे पुरेल का? भरतीला बसायचं की ओहोटीला? आणि मासे खाण्यालायक असतात का?

नियमवाला
हिशोब इथेच फसतो. मासे दोन्ही येतात, पण कायदा दोन्ही एकत्र देत नाही.

डेलावेअरच्या भरतीच्या भागात, म्हणजे ट्रेंटनच्या कॅल्हून स्ट्रीट पुलापासून खाली सेलम नदीपर्यंत, न्यू जर्सीने १ एप्रिल ते ३१ मे स्ट्राइपर बंद ठेवलाय. मासा त्याच पट्ट्यात अंडी घालतो म्हणून. त्या दोन महिन्यांत तिथे शाड गरवा, स्ट्राइपर नाही. पुलाच्या वर स्ट्राइपर मार्चपासून डिसेंबरअखेर चालतो. माप २८ ते ३१ इंच, दिवसाला एक. समोरचा काठ पेनसिल्व्हेनियाचा, त्यांचे नियम वेगळे.

हडसनवर नेमकं उलट. शाडची संख्या ढासळली म्हणून न्यूयॉर्कने २०१० साली हडसनवरची शाडमारी पूर्ण बंद केली, हौशी आणि धंद्याची दोन्ही. चुकून लागला तर लगेच सोडायचा. स्ट्राइपर मात्र जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या वर १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर चालू. दिवसाला एक, २३ ते २८ इंच. २०२४ च्या आधी हे माप १८ पासून होतं, जुने लेख वाचून जाल तर दंड भराल. नैसर्गिक आमिष असेल तर सर्कल हुकच (टोक आत वळलेला गोल गळ), तोही सरळ, टोक बाजूला वाकवलेला नको. मासा ओढायला आकडी वापरायला बंदी.

परवाने: ट्रेंटनच्या वर भरती संपते, तिथे न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनिया, कुठल्याही एका राज्याचा गोड्या पाण्याचा परवाना नदीवर चालतो. हडसनच्या स्ट्राइपरसाठी न्यूयॉर्कची सागरी मासेमारी नोंदणी लागते. फुकट आहे, ऑनलाइन होते. पण त्या नोंदणीवर हडसनमधला कॅटफिश ठेवता येत नाही, त्याला गोड्या पाण्याचा परवाना वेगळा. शाड किती ठेवता येतात ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघूनच निघा.

थोडक्यात, शाडला लॅम्बर्टव्हिल-ट्रेंटन, स्ट्राइपरला न्यूबर्ग-किंग्स्टन. दोन फेऱ्या, दोन वेगळी सामानं.

डार्टवाला
शाडचं मी सांगतो. तो नदीत जेवायला येत नाही, अंडी घालायला येतो. किडा, कोळंबी लावून बसू नका. डोळ्यासमोरून काही चमकत गेलं की चिडून तोंड मारतो, आणि त्यासाठी वाट सोडून फार सरकत नाही. म्हणून डार्ट (शिशाच्या रंगीत डोक्याचा छोटा गळ) त्याच्या रांगेतून, त्याच्याच खोलीवरून गेला पाहिजे. बाकी रंगबिंग नंतर.

वेळ: पाणी ५० फॅरनहाइटला पोचलं की पहिले नर येतात, तीन-चार पौंडांचे. ५५ ते ६५ मध्ये गर्दी, तेव्हा मोठ्या माद्या येतात. मध्येच थंडी पडून तापमान चार-पाच अंशांनी उतरलं की मासा जागीच थांबतो, त्या दिवशी डार्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. निघण्यापूर्वी यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) ट्रेंटन केंद्राचा प्रवाह पाहा. वर्षाची सरासरी सेकंदाला साधारण १२ हजार घनफूट आहे. पावसानंतर तो दुप्पट होऊन पाणी चहासारखं झालं असेल तर घरी थांबा, काठावरून काही होत नाही.

सामान: तुमचा मीडियम रॉड स्ट्राइपरला कमी आणि शाडला जास्त. लाइट किंवा मीडियम-लाइट घ्या, ६ पौंडी तंगूस. शाडच्या तोंडाची कातडी कागदासारखी असते. ताठ रॉडने हिसका मारलात की भोक मोठं होतं आणि मासा पायाशी येऊन सुटतो. ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल ठेवा, हिसका देऊ नका, शेवटी जाळीतच घ्या. दोरीने उचललात की गेला.

डार्ट १/१६ ते १/४ औंस, तिन्ही-चारही वजनं खिशात हवीत. नदीचा खोल पाट कुठून जातो ते आधी हेरा, बहुतेक ६ ते १२ फुटांची घळ असते. तिच्या कडेला उभं राहून आडवं, किंचित वरच्या अंगाला टाका. बुडू द्या, मग दोरी ताणलेली ठेवून प्रवाहालाच डार्ट फिरवू द्या. रील फिरवायची घाई नको. कमानीच्या शेवटी डार्ट तळातून वर उचलला जातो, निम्मे मासे तिथेच लागतात. त्यामुळे खाली गेल्यावर पाच-सात सेकंद तसाच लटकू द्या. दर फेकीला तळाला अडकतोय म्हणजे जड आहे, कधीच तळ लागत नाही म्हणजे हलका. वजन जमल्यावर मगच रंग बदला. गढूळ पाण्यात चार्ट्रूझ (पोपटी-पिवळा), स्वच्छ पाण्यात लाल-पांढरा. डार्टच्या मागे दीड फुटावर छोटा फ्लटर चमचा (चमच्यासारखं पत्र्याचं आमिष) बांधला की दोन खोल्या एकदम तपासता येतात.

पहाट आणि संध्याकाळ. भर उन्हात मासा खोल पाटात उतरतो, तिथे बोटवाल्यांचं राज्य. लॅम्बर्टव्हिलला भरती-ओहोटीचा संबंध नाही, ती ट्रेंटनच्या धबधब्याखाली संपते. ट्रेंटनला मात्र थांबलेल्या पाण्यात डार्ट फिरतच नाही. ओढ सुरू असतानाच उभे राहा. लॅम्बर्टव्हिलखालच्या विंग डॅमच्या (काठातून नदीत घातलेल्या बांधाच्या) जवळ पाण्यात उतरू नका, तिथली ओढ दिसते त्यापेक्षा खूप जास्त आहे.

हडसनचा_गरी
आता स्ट्राइपर. हडसनची भरती थेट ट्रॉयच्या धरणापर्यंत जाते, समुद्रापासून दीडशे मैलांच्या वर. म्हणून "आज भरती किती वाजता" या प्रश्नाला गाव सांगितल्याशिवाय उत्तर नाही. मॅनहॅटनच्या बॅटरीला भरती झाली की न्यूबर्गला सुमारे पावणेचार तासांनी, पकिप्सीला साडेचार, किंग्स्टनला सव्वापाच तासांनी. फोनवर न्यूयॉर्कची भरती बघून न्यूबर्गला जाणारे पुष्कळ दिसतात, ते बरोबर उलट्या पाण्यात बसतात.

दुसरी गोम: पाण्याची उंची आणि पाण्याची ओढ एकाच वेळी पलटत नाहीत. पूर्ण भरती दाखवल्यावरही तास-दीड तास पाणी वरच वाहत राहतं, कधी त्याहून जास्त. मासा ओढीच्या हिशोबाने खातो. म्हणून उंचीचं नव्हे, प्रवाहाचं कोष्टक पाहा. पाणी पलटून ओढ धरू लागतं तो पहिला दीड तास सगळ्यांत चांगला, भरतीचा असो की ओहोटीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की ६ औंसांचं शिसंही घरंगळतं. भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या कमी ओढीच्या भरती-ओहोटीला) तीन औंसांत भागतं. नवख्याने भांगाचेच दिवस धरावेत, असं माझं मत.

एप्रिलच्या सुरुवातीला मासा खालच्या अंगाला, हॅव्हरस्ट्रॉ-क्रोटन पॉइंटच्या उथळ, लवकर तापणाऱ्या पाण्यात. तेव्हा आमिष ब्लडवर्म (समुद्री किडा). एप्रिलअखेरपासून न्यूबर्ग ते किंग्स्टन आणि वर कॅट्सकिलपर्यंत, तेव्हा हेरिंग (शाडच्याच कुळातला छोटा मासा). मेच्या मध्यापासून अंडी घालणं सुरू होतं. इथले लोक लायलॅक फुलला की मोठी मादी आली म्हणतात, आणि कॅलेंडरपेक्षा ते जास्त खरं ठरतं, कारण दोन्ही गोष्टी त्या वर्षीच्या उबेवर चालतात.

काठासाठी ९-१० फुटी रॉड, ५०००-६००० चं रील, ३० पौंडी ब्रेड (विणलेली दोरी). मांडणी: ब्रेडवर सरकता शिशाचा क्लिप, मग मणी, मग स्विव्हल (फिरती कडी), त्याला दोन ते तीन फूट ४० पौंडी मोनोचा लीडर (तंगुसाचा शेवटचा तुकडा), टोकाला ७/० चा सरळ सर्कल हुक. मणी विसरू नका, नाहीतर क्लिप गाठीवर आपटून गाठ कापते. शिसं ३ ते ८ औंस.

हेरिंगचे तीन तुकडे करा. डोक्याचा सर्वांत चांगला: कठीण असतो, टिकतो, खेकडे-कॅटफिश लवकर सोलत नाहीत. गळ खालच्या ओठातून वर नाकातून काढा. मधल्या तुकड्याला पाठीच्या कातडीतून एकदाच. गळाचं टोक आणि वाकण पूर्ण उघडं राहिलं पाहिजे. मांसात रुतलेला सर्कल हुक तोंडाच्या कोपऱ्यात फिरूच शकत नाही, "मासा ओढून सोडतो" ही तक्रार नव्वद टक्के यामुळेच. अर्ध्या तासात रक्त धुऊन तुकडा पांढरा पडतो, मग बदला.

सर्वांत अवघड भाग हाताचा आहे. टोक हललं की आपण उपसा मारतो, कोकणातली सवय. इथे मारायचा नाही. रॉड स्टँडवरच राहू द्या, बेटरनर (रीलवरची दोरी सैल सोडणारी कळ) सैल असेल तर लावून घ्या, दोरी ताणून रॉड वाकला की फक्त रील फिरवत उचला. गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

२८ इंचांवरची मादी सोडायचीच आहे. गाठ नसलेली रबरी जाळी, मासा आडवा, पोटाखाली हात. कल्ल्यातून लटकवू नका. गळ खोल गेला असेल तर लीडर कापा.

खाडीकाठ_एडिसन
धन्यवाद, बरंच उलगडलं. पण हेरिंग कुठून आणायचं? शिल्लक राहिलं तर फ्रीझरमध्ये ठेवून पुढच्या वेळी न्यू जर्सीत वापरू का?

नियमवाला
अजिबात नाही. न्यू जर्सीत नदीतलं हेरिंग नुसतं जवळ बाळगणंही बेकायदा आहे. हडसनचं हेरिंग हडसनवरच संपवायचं. हंगाम १५ मार्च ते १५ जून, माणशी दिवसाला १०.

हडसनचा_गरी
पकडायचं सबिकीने (छोट्या गळांच्या माळेने), ओढ्याच्या तोंडाशी, पहाटे. १०-१२ इंचांचं असतं. लहान शाड त्यात मिसळून येतो, तो ओळखा: शाडच्या वरच्या जबड्याचं टोक डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोचतं, हेरिंगचं डोळ्याच्या मध्याशीच थांबतं. शंका आली तर सोडा. जिवंत ठेवायला गोल बादली हवी, चौकोनीच्या कोपऱ्यात ते नाक घासून मरतं.

गाबोळी_स्पेशल
खाण्याचं राहिलंच की दादा.

आधी हडसन. फोर्ट एडवर्ड आणि हडसन फॉल्सच्या कारखान्यांतून १९७७ पर्यंत नदीत पीसीबी हे विषारी रसायन सोडलं जात होतं. १९७६ साली तिथली स्ट्राइपरची धंद्याची मासेमारी त्यामुळेच बंद झाली. राज्याचा सल्ला स्पष्ट आहे: पन्नाशीच्या आतल्या बायकांनी आणि १५ वर्षांखालच्या मुलांनी हडसनचा मासा खाऊ नये. कॅट्सकिलच्या वरचा स्ट्राइपर कुणीच नको. खालचा मोठ्यांनी क्वचित खायचा तर कातडी, पोटाची चरबी आणि बाजूच्या रेषेखालचं लालसर मांस काढून टाका. पीसीबी चरबीत साठतं. हे सगळं काढूनही उरतं ते जिताड्याइतकं घट्ट, पांढरं मांस, तळायला उत्तम. रस्सा मात्र नको, चरबी रश्शात उतरते.

शाड हा हिलसाचा भाऊबंद, काट्यांनाही तसाच. फिले काढलात तरी प्रत्येक बाजूला काट्यांच्या समांतर रांगा मांसात उरतात. दोन मार्ग आहेत. एक, फिले कातडीवर ठेवून धारदार सुरीने दर दोन-तीन मिलिमीटरवर आडवे काप द्या, कातडीपर्यंत पण कातडी न कापता. मीठ, हळद, आगळ लावून अर्धा तास, मग तांदळाच्या पिठात कडक तळा. कापलेले काटे कुरकुरीत होतात. दुसरा, सरळ तुकड्या करून मोहरीच्या वाटणात आणि सावकाश, बोटांनी खायचं. मंद आचेवर पाच-सहा तास भाजलं की काटे विरघळतात असं सांगतात. बारीक मऊ होतात, जाड नाहीत, आणि मासा कोरडा पडतो.

खरा माल गाबोळी. मादीच्या पोटात दोन लांबट पिशव्या असतात. पोट चिरताना सुरी वर धरा, पडदा फाटला की सगळं सांडतं. मिठाच्या थंड पाण्यात अर्धा तास ठेवून रक्ताच्या शिरा सुईने उघडून पुसा. मग हळद-मिठाच्या, उकळीखालच्या पाण्यात चार मिनिटं. कच्ची थेट गरम तेलात टाकली की दाणे फुटून चेहऱ्यावर उडतात. उकडल्यावर मसाला, रवा, आणि थोड्या तेलात मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. पकडल्यावर मासा लगेच बर्फात ठेवला नाही तर हे सगळं फुकट, शाडचं मांस फार लवकर मऊ पडतं.

डार्टवाला
एक भर. पुढे कयाक घ्यायचा विचार आला तर: न्यूयॉर्कमध्ये १ नोव्हेंबर ते १ मे, २१ फुटांखालच्या कुठल्याही बोटीत लाइफ जॅकेट अंगावर घातलेलं असणं सक्तीचं आहे. आणि वेडर (पाण्यात उतरायचा छातीपर्यंतचा जलरोधक पोशाख) घालून डेलावेअरमध्ये उतरणार असाल तर कमरेचा पट्टा घट्ट बांधा. पाय घसरला तरी आत पाणी भरायला वेळ लागतो.