मदत हवी आहे: सहा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. हॅलोविनला कुठे जावं?

पारिजात

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. आमच्या गल्लीत आतापासूनच अंगणाअंगणांतून सापळे, थडग्यांचे खोटे दगड आणि कापसाची कोळिष्टकं लागली आहेत. लेक अकरा वर्षांची आहे, तिला यंदा खरोखरीचं हाँटेड हाऊस बघायचंय. मुलगा सहाचा. साताऱ्याहून सासूबाई आल्यात, नोव्हेंबरअखेर परत जातील. त्या एकाहत्तरच्या आहेत, गुडघे दुखतात, पण घरी एकट्या बसणार नाहीत.

विचारायचं कारण गेल्या वर्षीचं. शनिवार रात्र होती, एका शेतावरच्या हाँटेड हाऊसला गेलो. लहान मूल चालेल ना, असं तिकिटाच्या खिडकीत मी स्पष्ट विचारलं होतं. "हो, काही नाही होत," असं उत्तर मिळालं. दुसऱ्याच खोलीत पडद्यामागून एक जण घरघरती करवत घेऊन अंगावर आला. त्या करवतीची साखळी काढलेली असते हे मला नंतर कळलं, पण तेव्हा तो आवाज छातीत घुसला. मुलाने माझ्या जॅकेटची चेन धरली आणि ती ओढताना तिचा पितळी लोलक तुटून त्याच्या मुठीत आला. आम्ही अर्ध्यातून मागे फिरलो. घरी येईपर्यंत तो कार सीटमध्येच झोपला होता, तरी मूठ मिटलेलीच. मी बोटं उलगडून लोलक काढला, तर तळव्यावर त्याचा ठसा उमटला होता. पुढचा दीड महिना तो बाथरूमला एकटा जात नव्हता. लेक मात्र एका शब्दाने बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला जास्त लागलं. म्हणून यंदा तिचंही मन राखायचंय.

दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे. लेकीला फिलाडेल्फियाचा तो जुना तुरुंग बघायचाय, ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शियरी. तिची मैत्रीण मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला जाऊन आली, जिथे चेटूक केल्याच्या आरोपावरून माणसांना, बहुतेक बायकांना, फाशी दिलं, तर सेलमही यादीत आहे. दोन्हींबद्दल वाचलं आणि मन खाऊ लागलं. तिथे माणसं खरोखर खितपत पडली, खरोखर फासावर गेली. पितृपक्षात सासूबाईंनी डेकच्या कठड्यावर पान ठेवलं होतं. त्या दिवशी लेक त्यांना सेलमची गोष्ट सांगत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग त्या बायकांना कोणी पाणी दिलं की नाही?" मला काही सांगता आलं नाही.

तर, सहा वर्षांच्या मुलाला झेपेल असं काही आहे का? लेकीसाठी थोडं धाडसाचं काय? आणि या दोन जागांना जावं का, गेलो तर कसं जावं? गर्दी, तिकिटं, चालणं, सगळ्याबद्दल लिहा. अनुभवाने सांगितलंत तर फार मदत होईल.

हडसनकाठ

ताई, लहानग्यासाठी डोळे झाकून सांगते, क्रोटन-ऑन-हडसनला जा. तिथल्या व्हॅन कॉर्टलँड मॅनॉरच्या आवारात 'ग्रेट जॅक ओ'लँटर्न ब्लेझ' असतं. हाताने कोरलेले सात हजारांहून जास्त भोपळे, आतून उजळलेले, झाडांमधून वाटेच्या दोन्ही बाजूंना मांडलेले. कोणी अंगावर येत नाही, कोणी किंचाळत नाही. आमचा धाकटा पहिल्यांदा गेला तेव्हा वळणावळणावर थांबून "आई, हा बघ, हा बघ" करत होता. दिवाळीत कंदील बघत रस्त्याने हिंडावं तसं वाटतं.

तिकीट ठरावीक वेळेचं असतं, आधी ऑनलाइन काढा. शनिवार-रविवारची लवकर संपतात. सासूबाईंसाठी मधला वार बरा. अंधारात चालायचं असतं, तेव्हा चपला नकोत, बूट हवेत, आणि काठी असेल तर सोबत न्या.

त्याच दिवशी दुपारी स्लीपी हॉलो करा, वाटेवरच आहे. वॉशिंग्टन आयर्विंगने १८२० मध्ये बिनडोक्याच्या घोडेस्वाराची गोष्ट लिहिली ती याच गावची. गावाचं नाव आधी नॉर्थ टॅरीटाउन होतं, १९९६ मध्ये लोकांनी मत देऊन बदललं. जुनं डच चर्च आणि लगतच्या दफनभूमीत आयर्विंगची समाधी आहे. दुपारच्या उन्हात तिथे भीती वाटत नाही, मॅपलची पानं पडत असतात. मुलाला गोष्ट तिथेच सांगा. तोफेचा गोळा लागून डोकं उडालेला हेशियन, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने लढलेला जर्मन भाडोत्री शिपाई रात्री आपलं डोकं शोधत फिरतो, एवढंच. आमच्याने पहिला प्रश्न विचारला तो घोड्याच्या जेवणाचा.

फिलीकर

तुरुंगाबद्दल मी सांगतो, दहा वर्षं त्याच भागात राहिलोय.

तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच आहे. हा तुरुंग १८२९ मध्ये सुरू झाला आणि १९७१ मध्ये बंद पडला. माणसाला एकटं ठेवलं की तो पश्चात्ताप करून सुधारेल, ही त्यामागची कल्पना. पेनिटेन्शियरी शब्दातच पश्चात्ताप आहे. मधोमध टेहळणीची जागा आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या कोठड्यांच्या रांगा. प्रत्येकाला वेगळी कोठडी, छताला एकच झरोका. कैद्याला बाहेर काढताना डोक्यावर बुरखा घालत, म्हणजे तो कोणाला बघणार नाही आणि त्याला कोणी बघणार नाही. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये बघून गेला आणि मनाचे असे हाल अंगावरच्या यातनांपेक्षा वाईट आहेत असं त्याने लिहून ठेवलं. शिकागोचा कुप्रसिद्ध गुंड अल कपोन १९२९-३० मध्ये काही महिने इथे होता. त्याच्या कोठडीपुढे सगळे फोटो काढतात, पण त्याच्यासारखे खुर्ची-टेबल मिळालेले कैदी थोडेच.

आता हॅलोविनचं. १९९१ मध्ये निधी उभारायला म्हणून या तुरुंगात लोकांना घाबरवणारा रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला. पडझड झालेल्या भिंती टिकवायला पैसा लागतो, आणि तो मोठ्या प्रमाणात या रात्रींतून आला. म्हणून मी स्वतः रात्रीच्या तिकिटाला नाक मुरडत नाही. पण क्रम महत्त्वाचा. आधी लेकीला दिवसा न्या, ऑडिओ टूर ऐकवा. अंगणात सोळा फुटी पोलादी आलेख उभा आहे, अमेरिकेत किती माणसं तुरुंगात आहेत ते दाखवणारा. त्यापुढे माझा भाचा बराच वेळ गप्प उभा होता. कुठल्या जागेत आपण उभे आहोत हे एकदा कळलं की मग रात्री यावं.

रात्री कलाकार तुम्हाला हात लावत नाहीत. जास्तीचा अनुभव हवा असेल त्यानेच गळ्यात चमकणारी माळ घ्यायची, मग त्याला बाजूला ओढू शकतात. लेकीला सांगा, माळ नको. सहा वर्षांच्या मुलाला रात्री अजिबात नेऊ नका. त्याला घेऊन एकाने घरी राहायचं.

तिघांची आई

पारिजात, त्या तुटलेल्या लोलकाचं वाचून गलबललं. आमच्या मधल्यालाही असंच झालं होतं.

दोन-तीन गोष्टी कामाच्या वाटल्या. मुलाला मुखवटा आधी घरी हातात द्या, त्याला तो घालू द्या, काढू द्या, तुम्हाला घाबरवू द्या. भीतीची दोरी त्याच्या हातात आली पाहिजे. दुसरं, हाँटेड हाऊसमध्ये पुढचा आणि सगळ्यात शेवटचा माणूस जास्त सापडतो, घाबरट मुलीला मधे चालवा. कानाला आवाज सहन होत नसेल तर इयरमफ. धूर सोडतात, दमा असेल तर विचारा. दिवे फार वेगाने लुकलुकतात, फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी जाऊच नये.

दिवसाचं पम्पकिन पॅच म्हणजे भोपळ्यांचं शेत, ट्रॅक्टरच्या मागच्या पेंढ्यावर बसून फेरी आणि मक्याच्या शेतातला चकवा, म्हणजे भूलभुलैयाची वाट, एवढ्यावर सहा वर्षांचं मूल तृप्त होतं. मक्याच्या चकव्यात मात्र दिवसाच जा.

जर्सीकर

याच राज्यातली गोष्ट, म्हणून लिहितो. ११ मे १९८४ ला जॅक्सनमधल्या एका पार्कच्या हाँटेड कॅसलला आग लागली आणि ८ किशोरवयीन मुलं गेली. आत अंधार, वळणावळणाची वाट, आणि स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर अशा भुताटकीच्या इमारतींसाठी स्प्रिंकलर आणि धुराची सूचना देणारी यंत्रणा यांचे नियम कडक झाले. तरी ऑक्टोबरपुरत्या उभ्या केलेल्या शेतातल्या शेडमध्ये शिरताना बाहेर जायचे दरवाजे कुठे आहेत ते विचाराच. लेकीला सांगून ठेवा, नको वाटलं की हात वर करून मोठ्याने बाहेर जायचंय म्हणायचं. त्यात लाज काही नाही.

नॉर्थशोअर

सेलमपासून वीस मिनिटांवर राहते. शनिवारी मुलांना घेऊन येऊ नका, हे आधी सांगते. गेल्या काही वर्षांत एकट्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांवर माणसं येतात. गाडी आणलीत तर दिवस पार्किंगमध्ये जाईल. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून आगगाडी घ्या, अर्ध्या तासात सेलम.

तुमच्या सासूबाईंच्या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ होते. त्याचं उत्तर सेलममध्ये आहे, पण मुखवट्यांच्या दुकानांत नाही. १६९२ मध्ये इथे १९ जणांना फाशी दिलं. त्यांत पुरुषही होते. जाईल्स कोरीने खटल्याला उत्तर द्यायचं नाकारलं तर त्याच्या छातीवर दगड रचत रचत मारलं. निदान पाच जण तुरुंगातच मरण पावले. तीनशे वर्षांनी, १९९२ मध्ये, जुन्या दफनभूमीला लागून स्मारक झालं. दगडी भिंत आणि तिच्यातून पुढे आलेली वीस दगडी बाकं. प्रत्येकावर एक नाव, कसा मृत्यू आला ते, आणि तारीख. आत शिरताना उंबरठ्याच्या दगडांवर आरोपींची वाक्यं कोरलीत, "मी निर्दोष आहे" अशा अर्थाची. ती वाक्यं भिंतीखाली जाऊन अर्ध्यात तुटतात. मुद्दाम तशी केलीत, त्यांचं कोणी ऐकलं नाही म्हणून.

फाशीची जागा नेमकी कोणती हे २०१६ मध्ये ठरलं. प्रॉक्टर्स लेज म्हणतात तिला. आता एका औषधाच्या दुकानामागे, घरांच्या मधे आहे. २०१७ पासून तिथेही नावं आहेत.

आणि हे लेकीला जरूर सांगा. एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक बाई १६९३ मध्ये दोषी ठरली होती, फाशी टळली, पण कलंक पुसला गेला नव्हता. बाकीच्यांची नावं वेळोवेळी निर्दोष ठरवली गेली, तिचं राहून गेलं. नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी वर्गात हे वाचलं, कागदपत्रं काढली, आमदारांच्या मागे लागली, आणि २०२२ मध्ये राज्याने कायद्याने तिला निर्दोष ठरवलं. ३२९ वर्षांनी. सासूबाईंना सांगा, तिला पाणी शाळकरी पोरांनी दिलं.

त्या थकल्या तर पीबॉडी एसेक्स म्युझियममध्ये बसवा. सेलमची जहाजं हिंदुस्थानाशी व्यापार करायची, तिथे मुंबईच्या एका पारशी व्यापाऱ्याचं जुनं चित्रही आहे.

देवबाग

आमच्याकडे मालवणात आजी देवचाराचं सांगायची. गावच्या सीमेवर राखण करतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. आरवलीला वेतोबाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, रात्री गावभर फिरून झिजतात म्हणून. मी लहानपणी काळोखात भ्यायचो, पण 'तो आहे' म्हटलं की पाऊल उचलायचं. सासूबाईंकडे अशा गोष्टी नक्की असतील. तुमच्या मुलाला रोज रात्री एक सांगायला लावा, राखण करणाऱ्या भुताची.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. देवबाग, तुमचं वाचून दाखवल्याला तीन दिवस झाले. सासूबाईंनी गावच्या म्हसोबाची गोष्ट सुरू केली आहे. काल रात्री मुलगा बाथरूमला जाताना दारातूनच "म्हसोबा, ये रे" म्हणाला आणि एकटा गेला. मी कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभी होते, त्याला कळू न देता.

ठरलं ते असं. येत्या बुधवारी दुपारी स्लीपी हॉलो, संध्याकाळी भोपळे, सगळे मिळून. तुरुंगात लेक आणि तिचे बाबा, आधी दिवसा, आणि तिने दिवसाचं बघून हो म्हटलं तरच रात्री, माळेशिवाय. सेलमला ऑक्टोबरात जाणार नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सासूबाई परतायच्या आत जाऊ.

एलिझाबेथ जॉन्सनचं सांगितलं तेव्हा त्यांनी नाव दोनदा म्हणायला लावलं आणि आपल्या पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर लेकीकडून मराठीत लिहून घेतलं. त्यांना त्या बाकांपाशी फुलं ठेवायची आहेत. नॉर्थशोअर, तिथे चालतं का? कोणी हटकत नाही ना?

नॉर्थशोअर

चालतं. बाकांवर नेहमी कोणी ना कोणी फुलं ठेवून गेलेलं असतं, कधी चिठ्ठ्याही. एलिझाबेथचं बाक मात्र तिथे नाही, ती फासावर गेली नव्हती. पहिलं फाशी झालेल्या ब्रिजेट बिशपचं आहे, १० जून १६९२. नोव्हेंबरात तो दगड फार गार असतो, आजींना बसायला शालीची घडी न्या.