स्विच २ (निन्टेन्डोचं गेमिंग मशीन): गेम-की कार्ड ऑनलाइन कसं ओळखायचं? मदत हवी आहे

गेम-की कार्डात गेम नसतोच, नुसती किल्ली असते. पहिल्यांदा नेट लावून सगळा गेम उतरवायचा, अन् खेळताना कार्ड खाचेत हवंच. दोन्हीकडून तोटा! (सेकंडहँड विकता येतं, एवढंच.) 'सायबरपंक २०७७' ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर अख्खा आला, म्हणजे मनात आणलं तर जमतं.

डब्यावर खाली पांढऱ्या पट्टीत किल्लीचं चिन्ह असतं, पण दुकानदार फोटो कापून टाकतात. विकणाऱ्याला नेमकं काय विचारावं?

दुसरं, मशीनमधली जागा २५६ जीबीच. साध्या मायक्रोएसडीवरून गेम चालत नाहीत, मायक्रोएसडी एक्सप्रेसच (त्याचंच जास्त वेगवान रूप) लागतं. आधी २५६ जीबीचं कार्ड घेऊन भागतं, की थेट ५१२ घ्यावं? वापरणाऱ्यांनी सांगा.