मदत हवी आहे : मिंदानावमध्ये जंगली बाग्रास (रेनबो युकॅलिप्टस) कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी,

सध्या मुक्काम दावाव, फिलिपिन्सच्या मिंदानाव बेटावर. इथे मेडिकलला मराठी पोरं बरीच आहेत, त्यातलाच मी एक.

‘रेनबो युकॅलिप्टस’चे फोटो व्हॉट्सॅपवर सगळ्यांनीच पाहिले असतील. रंग भडक केलेले असतात, पण झाड खरं आहे. इथे त्याला बाग्रास म्हणतात. सालीची कागदासारखी पट्टी सुटते, खाली पोपटी रंग निघतो. तो पुढे निळसर, जांभळा, विटकरी होत जातो. पट्ट्या एकदम सुटत नाहीत, म्हणून एकाच खोडावर सगळे रंग दिसतात. उत्तर गोलार्धात आपणहून पोचलेली ही एकमेव नीलगिरी. मिंदानाव, सुलावेसी, सेराम, न्यू गिनी, न्यू ब्रिटन ही बेटं तिचं मूळ घर.

गोंधळ असा की आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत ती ‘व्हल्नरेबल’ म्हणजे धोक्यात आलेली आहे आणि लागवड मात्र जगभर. इथेच बिसलिगकडे कागदाच्या लगद्यासाठी भरपूर लावली गेली. मग धोक्यात काय आहे? वाचून कळलं ते असं : बी अगदी बारीक, सावलीत रोप तगत नाही. पुराने टाकलेला ताजा गाळ, दरड कोसळून उघडी पडलेली जमीन, ज्वालामुखीची राख असल्याच जागी ती रुजते. त्या नदीकाठच्या सपाट जमिनी तोडीत आणि शेतीत गेल्या. न्यू ब्रिटनमध्ये पाम तेलाचे मळे आले.

तर विचारायचं हे :

१. नदीकाठी झाडं दिसली तर ती जंगली की कुणी लावलेली, हे कसं ठरवायचं? सगळी एका वयाची असली तर लावलेली, असं मी धरून चाललोय.

२. इथल्या आगुसान नदीच्या खोऱ्यात कुणी फिरलंय का? परवानगी कुठे मागायची?

३. घरून बाबांचा आग्रह आहे की रोपं आण, चिपळूणला लावू, तेवढंच संवर्धन. काय सांगू?

प्रतिसाद – रानभूल

वयावरून ठरवू नका. एका पुरानंतर सगळं बी एकदमच रुजतं, त्यामुळे जंगली राईसुद्धा एकाच वयाची असते. ओळी आणि सारखं अंतर दिसतं का ते बघा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणी कधी लावली ते त्यांना पक्कं माहीत असतं. परवानगीसाठी आधी त्या भागातलं सेन्रो, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याचं स्थानिक कार्यालय गाठा. डोंगरात आदिवासींच्या जमिनी आहेत, तिथे त्यांच्या प्रमुखाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिपळूणचं म्हणाल तर पाऊस धो धो, पण या झाडाला वर्षभर पाणी लागतं, आपल्याकडे दिवाळीनंतर सगळं कोरडं. लावलंच आणि जगलंच तरी ते अंगणातलं शोभेचं झाड. आगुसानचा काठ त्याने वाचत नाही. शिवाय परदेशातून रोप आणायचं तर आयात परवाना आणि क्वारंटाइनचे कागद लागतात, सामानात घालून आणू नका. बाबांना म्हणावं, त्याऐवजी वाशिष्ठीच्या काठाला करंज लावा.