ज्या फादरांनी घराला आशीर्वाद दिला, त्यांनीच झगा उतरवला. मग त्या आशीर्वादाचं काय?

बावखलाकाठची (वसई)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरात हा विषय निघाला की सासूबाई रडतात, नवरा उठून वाडीत जातो आणि मी भांडी घासत बसते. म्हणून इथे विचारते.

२०११च्या मे महिन्यात आमचं घर बांधून झालं. सासऱ्यांनी जुनं कौलारू मोडून त्याच जागेवर दोन मजली उभं केलं. घरभरणीला आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) तेव्हाचे फादर आले. तो दिवस मला लख्ख आठवतो. फादरांनी पायरीवर चपला काढल्या, उभ्या उभ्या ‘या घराला शांती असो’ म्हणाले आणि मगच उंबरा ओलांडला. हॉलमध्ये जक्कयाच्या घरी येशू जातो तो उतारा वाचला. मग खोली खोली पवित्र पाणी शिंपडत निघाले. सासूबाई पुढे होऊन ‘इथेही फादर, इथेही’ करत त्यांना मोरीत, माळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घेऊन गेल्या. ते हसले नाहीत की कंटाळले नाहीत. शेवटी विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी पाण्यावरही क्रूसाची खूण केली. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर त्यांनीच खिळ्यावर लावली, ती अजून तिथेच आहे. २०१३मध्ये माझ्या मुलाचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला.

२०१६मध्ये त्यांनी धर्मगुरुपद सोडलं. रोमहून रीतसर परवानगी आली, पुढे त्यांनी लग्न केलं. त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही, कुणाचा पैसा खाल्ला नाही. तरी गावात बोलायचं ते लोक बोललेच.

आता घरातलं सांगते. २०१९ला सासरे गेले. मागच्या वर्षी मुलगा सायकलवरून पडून त्याचा हात मोडला, प्लेट टाकावी लागली. आणि या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी इतकं खारं झालं की केळीची पानं कडेने करपायला लागली. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. त्यांच्या मनाने घेतलंय की हे सगळं त्या घरभरणीमुळे. म्हणतात, ‘ज्या हातांनी पाणी शिंपडलं ते हातच देवाने काढून घेतले. घर उघडं पडलंय आपलं.’ त्यात एका नातेवाइकाने सांगितलं की चार तासांवर एक फादर आहेत, त्यांच्या आशीर्वादात फार ‘पॉवर’ आहे, गाडी करून त्यांनाच आणा, इथल्या फादरांचं काम नाही.

आशीर्वाद देणारा धर्मगुरूच राहिला नाही, तर दिलेला आशीर्वाद जातो का? एका फादरांचा आशीर्वाद दुसऱ्यांपेक्षा जास्त लागतो का?

आणि एक गोष्ट मी घरात कुणाला बोललेले नाही. घराचा आशीर्वाद गेला असेल, तर माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याचं काय? पुढच्या वर्षी त्याचा बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरण संस्कार आहे. रात्री त्याच्या कपाळावर क्रूस काढताना हाच विचार येतो.

---

निवृत्त मास्तर (निर्मळ)

ताई, तुम्ही शेवटी लिहिलंत त्याचं उत्तर आधी देतो, कारण झोप त्याने उडाली आहे. तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा पूर्ण आहे आणि कायमचा आहे. त्यात तिळभर शंका ठेवू नका.

हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेत मोठा गाजला तो चौथ्या शतकात, उत्तर आफ्रिकेत. सम्राट डायोक्लेशनच्या छळात, ३०३ सालापासून पुढे, काही धर्मगुरूंनी आणि बिशपांनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ संपल्यावर डोनाटस पंथाचे लोक म्हणू लागले की असल्या माणसांच्या हातचे संस्कार फुकट. गावंच्या गावं दुभंगली. भाऊ भावाच्या चर्चला जाईना. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी या वादाला जे उत्तर दिलं ते मी धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि येशूला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. तेच म्हणतात, उजेड घाणेरड्या जागेतून गेला म्हणून उजेड मळत नाही. पुढे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७मध्ये हे नियम म्हणून बांधूनच टाकलं. देणारा महापापात असला तरी संस्कार खरा.

तुमच्या फादरांच्या बाबतीत तर ही पाळीही येत नाही. २०११ आणि २०१३मध्ये ते रीतसर धर्मगुरू होते, धर्मग्रामाने पाठवलेले होते. आणि खरं सांगायचं तर ‘धर्मगुरू राहिला नाही’ हे वाक्यच अपुरं आहे. चर्चच्या कायद्याचं २९०वं कलम सांगतं की एकदा झालेली गुरुदीक्षा कधीच रद्द होत नाही. काम काढून घेतलं जातं. मिस्सा अर्पण करता येत नाही, कन्फेशनला, म्हणजे लोकांच्या पापांची कबुली ऐकायला, बसता येत नाही. पण उद्या रस्त्यावर अपघातात कुणी मरणाच्या दारात असेल आणि शेजारी फक्त तुमचे ते जुने फादर असतील, तर ते त्या माणसाला पापक्षमा देऊ शकतात. ९७६वं कलम आहे. ‘देवाने हात काढून घेतले’ असं सासूबाई म्हणतात ना, त्यांना हे सांगा. देवाने काढून घेतलेले नाहीत.

आता घराचा आशीर्वाद. इथे एक बारकावा आहे आणि तो आपल्या लोकांना नीट सांगितलाच जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. बाप्तिस्मा, मिस्सा, कन्फेशन हे सात संस्कारांतले. त्यांत कृपा देणारा ख्रिस्त स्वतः. घराला, गाडीला, माळेला, शेताला आशीर्वाद देतात तो संस्कार नव्हे. ती सगळ्या ख्रिस्तसभेची प्रार्थना, फादरांच्या तोंडून केलेली. म्हणून ती फादरांच्या चांगुलपणावर टांगलेली नाही, ते गेले तरी ख्रिस्तसभा कुठे गेली? पण म्हणूनच ती ताईतही नाही. आशीर्वादाने आपलं मन कृपा घ्यायला तयार होतं, असं आपलं धर्मशिक्षण सांगतं. हाड मोडणार नाही, विहीर खारी होणार नाही, असं त्या दिवशी कुणीच कबूल केलं नव्हतं. पवित्र हृदयाच्या तसबिरीकडे एकदा बघा, त्या हृदयाभोवतीही काटेच आहेत.

पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडच्या चार विहिरी खाऱ्या झाल्यात, आणि त्या चारही घरांना वेगवेगळ्या फादरांनी आशीर्वाद दिला होता. उपसा वाढला, बावखलं म्हणजे वाडीतली गोड्या पाण्याची तळी बुजली, गोडं पाणी मुरायला जागा उरली नाही आणि समुद्र आत सरकला. त्यासाठी पावसाचं पाणी विहिरीत सोडा.

---

मडगांवची

ताई, मी गोव्याची, लग्न होऊन डोंबिवलीत आले. मराठी थोडं मागेपुढे होईल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे आशीर्वादाला बेसांव म्हणतात, मूळ शब्द पोर्तुगीज. संध्याकाळी आंजेलची, म्हणजे चर्चमधल्या सांजप्रार्थनेची घंटा झाली, तेर्स (रोजरी) म्हणून झाला की आम्ही मुलं एकेका मोठ्या माणसापुढे जाऊन बेसांव मागायचो. आजी, आई, काकी, पाहुणे आले असतील तर तेही. माझे बाबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. दहा-दहा महिने घरी नसायचे. निघायच्या आदल्या दिवशी पाद्री येऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. पण सकाळी टॅक्सी दारात आली की बाबा माझ्या आजीपुढे गुडघ्यावर बसायचे. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, आणि आजी त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायची. पाद्रींचा आशीर्वाद झाला होता तरी त्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसत. माझ्या लग्नाच्या सकाळीही चर्चला निघायच्या आधी मी घरातच सगळ्यांपुढे वाकले.

हे लिहायचं कारण, तुम्ही रोज रात्री मुलाच्या कपाळावर क्रूस काढता तोही आशीर्वादच आहे. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आशीर्वाद द्यायचा अधिकार आहे, हे मला आमच्या पाद्रींनीच सांगितलं होतं. मग फादरांची गरज काय, असं नाही. त्यांचा हात म्हणजे सगळ्या चर्चचा हात, तो वेगळाच. पण ‘घर उघडं पडलंय’ हे ऐकून मला राहवलं नाही. ज्या घरात आई रोज क्रूस काढते ते उघडं कसं?

---

वाडवळ आळी

मी ख्रिस्ती नाही, शेजारधर्म म्हणून लिहितोय. आमच्या नव्या घराला वास्तुशांत झाल्यावर आईने हट्टाने पलीकडच्या वाडीतल्या फादरांनाही बोलावलं होतं. मला वाटलं ते टाळतील. पण ते आले, आमच्या देवघरापुढे हात जोडून उभे राहिले आणि घरासाठी प्रार्थना केली. मी विचारलं, आम्ही तुमचे नाही, चालतं का? म्हणाले, आमच्या कायद्यातच लिहिलंय की इतर धर्मातल्यांनाही आशीर्वाद देता येतो. पुढे त्यांची बदली झाली. आई त्यांची आठवण काढते, बदली झाली म्हणून आशीर्वाद गेला असं तिच्या मनातही येत नाही. तुमच्या सासूबाईंना आमच्या आईकडे एक दुपार पाठवा.

---

एक धर्मगुरू

मास्तरांनी शास्त्र सांगितलं, ते बरोबर आहे. मी हातांबद्दल लिहितो.

माझ्या गुरुदीक्षेला बिशपांनी तळहातांना पवित्र तेल लावलं. हात पुसले तरी वास राहतो. मिस्सा संपल्यावर मांडवात पहिल्या आशीर्वादासाठी रांग लागली. ज्यांनी मला चड्डीत पाहिलं होतं ते म्हातारे वाकून माझ्या तळहातांचं चुंबन घेत होते. रांगेत शेवटी माझी आई होती. आठवड्यापूर्वीच मंडपाच्या खर्चावरून मी तिच्यावर ओरडलो होतो. ती गुडघ्यावर बसली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्दच विसरलो. सेमिनरीत हजारदा म्हटलेले शब्द. तेव्हा तीच खालून हळूच म्हणाली, ‘सर्वसमर्थ परमेश्वर...’ आणि मी तिच्या मागोमाग म्हणत गेलो.

तेव्हापासून कुणी ‘तुमच्या हातात पॉवर आहे’ म्हटलं की मला ती रांग आठवते. २०१३च्या १३ मार्चला पोप फ्रान्सिस पहिल्यांदा सज्जात आले, तेव्हा लोकांना आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मान झुकवली आणि ‘आधी तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा’ असं सांगितलं. आम्हा सगळ्यांचं तसंच आहे. आम्हीही मागूनच देतो.

लांबच्या फादरांबद्दल वाईट बोलणार नाही. काहींना दुसऱ्याचं दुःख ऐकून घेण्याची, प्रार्थनेत धरून ठेवण्याची खरी देणगी असते. पण तुमच्या घरासाठी तुमच्याच धर्मग्रामाच्या फादरांना बोलवा. घराला पुन्हा आशीर्वाद घेणं म्हणजे जुना खोटा ठरवणं नव्हे. पुनरुत्थान काळात दरवर्षी घरोघरी जाऊन आशीर्वाद देण्याचा विधी आमच्या पुस्तकात आहेच. सासूबाईंच्या मनाला आधार हवा असेल तर तो द्यावा, त्यात कमीपणा कसला?

एकच विनंती. ज्यांनी २०११मध्ये विहिरीवर क्रूस काढला, त्यांच्यासाठीही त्या दिवशी प्रार्थना करा. झगा उतरवणाऱ्याचे दिवस सोपे नसतात. त्यांनी आशीर्वाद दिलेली घरंच त्यांना ओळख दाखवेनाशी होतात.

---

बावखलाकाठची (वसई)

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांनी माफ करा. प्रत्येकाचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. मास्तरांचं ९७६वं कलम दोनदा वाचायला लावलं. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, पण गाडीचं भाडं विचारायचं बंद झालं.

मागच्या शनिवारी आमचे फादर आले. मी त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. ते थेट सासूबाईंपाशी बसले आणि म्हणाले, ‘मागच्या वेळी कुठून कुठे गेला होता ते दाखवा, आपण तसंच जाऊ.’ मग त्या उठल्या. गुडघा दुखत असूनही मोरी, माळ्याचा जिना, खुराडं, सगळं दाखवलं. विहिरीपाशी गेल्यावर फादर थांबले आणि म्हणाले, या घराला ज्यांनी ज्यांनी आशीर्वाद दिला त्या सर्वांसाठी प्रार्थना करू. मी सासूबाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. ‘आमेन’ मात्र ऐकू आलं.

मुलाने गच्चीचं पाणी विहिरीत सोडायला पाइप मोजून ठेवलाय. पाणी अजून खारंच आहे.

काल सासूबाईंनी सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, एक डबा वेगळा काढून ठेवला. मी विचारलं, कुणाला? म्हणाल्या, ‘त्यांना बाळ आहे म्हणे. पत्ता मिळतो का बघ.’