अश्वत्थामा सांगलीच्या हळद बाजारात हमाल आहे, पण शापापाशी गाडी अडलीय

हळद्या: मंडळी, मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. रात्री कादंबरी लिहितो. नायक अश्वत्थामा, आमच्याच पेठेतला हमाल. जखमेवर तेल-हळद मागत फिरतो म्हणतात ना, मग हळदीच्या गावात नाही येणार तर कुठं जाणार? डोक्याला कायम मुंडासं. सौद्याच्या दिवसांत इथं भुवयासुद्धा पिवळ्या होतात, जखम कोण बघतंय! राजापुरीचं हळकुंड मोडून रंग बघतो आणि लिलावाआधीच भाव सांगतो. इथवर झकास जमलं. पुढं आधार कार्डावर जन्मतारीख काय टाकायची, हा विनोद एकदाच करता येतो. शापाचे नियम कितपत पाळू?

पारावरचा म्हातारा: आधी सौप्तिकपर्व वाच. शाप ३००० वर्षांचा आहे. कलियुग इ.स.पू. ३१०२ ला लागलं हा परंपरेचा हिशेब धरलास, तर शिक्षा दोन हजार वर्षांपूर्वीच संपली. मग हा अजून का फिरतोय? कादंबरी तिथं आहे, आधार कार्डात नाही. आणि निर्जन जागी एकटा भटकशील, कुणी तुझ्याशी बोलणार नाही, असा शाप असताना तू त्याला भर बाजारात उभा केलायस!

वाईची: दादा, मण्याकडं बघा. तो होता तोवर शस्त्र, रोग, भूक कशाचंच भय नव्हतं. मणी गेला की पहिली भूकच लागणार. कुणीतरी त्याला डबा द्या की. आमच्या वाईला विराटनगरी म्हणतात, समोर पांडवगड. इथल्या आज्या पांडव परवाच जेवून गेल्यासारख्या बोलतात. तसं लिहा, ‘प्राचीन काळी’ वगैरे नको.

हरिपूरकर: निर्जन जागा पाहिजे ना? आमच्याकडं हळदीची पेवं, म्हणजे साठवणीचे जमिनीतले खड्डे होते, २००५ च्या पुरानं बरीच गेली. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही, आतली हवा मारते. आधी कंदील सोडून बघतात. तुझा गडी थेट उतरेल, चिरंजीवच तो!
आणखी एक. क्षेत्र महाबळेश्वरला सांगतात, सावित्रीच्या शापानं विष्णूची कृष्णा नदी झाली. म्हणजे तुझ्या गड्याला शाप देणारा कृष्ण स्वतःच शाप भोगत तुझ्या गावाला लागून वाहतोय. २०१९ ला आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. त्याला भेटायलाच आला असं धर.

हळद्या: काका, सापडलं! शिक्षा संपल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही, कारण त्याच्याशी बोलायचीच बंदी. आता पुराचं पाणी सांगेल. पेवात उतरायची मजुरी जादा मिळते, त्यातले मुकादम किती कापतो ते प्रकरण मला पाठच आहे. ताई, डब्यात भाकरी आणि खरडा देतोय. चालेल ना? जखम असताना तिखट द्यावं का, एवढं फक्त सांगा.