सोनोग्राफी 'शिकवणारे' कोर्स
कुणीतरी म्हटलंय की रेडिओलॉजी टेक्निशियनच्या एका वर्षाच्या कोर्सात एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी सगळंच येतंय मग बीएस्सीत वर्षं कशाला घालवायची. भावा, तिथंच गोम हाय. आपल्याकडं 1994 च्या गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्यामुळं सोनोग्राफी नोंदणीकृत डॉक्टरच करतात, टेक्निशियन नाही, परदेशात सोनोग्राफर म्हणून टेक्निशियन ती करतात, ती गोष्ट वेगळी. माझ्या मावसबहिणीनं असाच कोर्स केला, वर्षभर नुसत्या पीपीटी बघितल्या आणि आता एका सेंटरवर पेशंटची नावं लिहून घेते, जेल पुसायला टिश्यू देते.

फी भरायच्या आधी एवढं विचाराच, प्रॅक्टिकल कुठल्या हॉस्पिटलात, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलासारख्या गर्दीच्या ठिकाणी की क्लासच्या खोलीत? आणि पोरांना टीएलडी बॅज देतात का? छातीला लावायचा तो छोटा बिल्ला, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजतो. आमच्या मावसबहिणीनं तर तो बिल्ला कोर्स संपेपर्यंत बघितलापण नव्हता.