दबा धरून बसताना डास, गोचिडी आणि चावऱ्या माश्यांचा बंदोबस्त कसा करावा?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ठरावीक हंगामात आणि रीतसर परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते अशा प्रदेशात मी राहतो आणि धनुष्याने शिकार करतो. आमच्याकडे धनुष्याचा हंगाम बंदुकीच्या हंगामाच्या आधी, हवेत ऊब असतानाच सुरू होतो. त्यामुळे थंडी पडून कीटक आपोआप कमी होतील, अशी आशा धरून थांबता येत नाही.

अडचण अशी की ज्या घटकेला सावज झाडीतून बाहेर पडते, नेमक्या त्याच घटकेला डासांनाही जाग येते. मचाणावर तासन्‌तास निश्चल बसावे लागते. हाताने डास हाकलावा तर हालचाल दिसते आणि चापट मारावी तर आवाज होतो. अंगाला औषध चोपडावे म्हटले, तर हरणाच्या नाकाला ते किती दुरून कळेल याची धास्ती वाटते. तेव्हा कमी वासाचे आणि तरीही भरवशाचे औषध कोणते? ते धनुष्य, दुर्बीण, चष्मा यांना अपाय करते का? आणि गोचिडींसाठी तेच औषध पुरते की वेगळी व्यवस्था करावी लागते? शिकार करावी की करू नये, हा वाद कृपया या धाग्यावर नको.

षट्पद

प्रथम डास आपल्याला शोधतो कसा ते पाहू, म्हणजे कोणता उपाय कशावर चालतो हे कळेल. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला बऱ्याच अंतरावरून जाणवतो आणि त्या मागावर तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने येतो. जवळ आल्यावर त्याचे डोळे कामाला लागतात आणि अगदी शेवटी अंगाची ऊब, दमटपणा आणि घामातले लॅक्टिक आम्लासारखे पदार्थ त्याला त्वचेपर्यंत आणतात. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एडिस इजिप्ती जातीचे डास कार्बन डायऑक्साइडचा वास लागल्यावर लाल, नारिंगी, काळ्या आणि आकाशी-हिरवट रंगांकडे झेपावताना आढळले, तर हिरव्या, निळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्या रंगांकडे त्यांनी दुर्लक्ष केले. म्हणजे शिकाऱ्याचे हिरवट कपडे या बाबतीत काही वाईट नाहीत. काळे जाकीट मात्र टाळावे.

श्वास थांबवता येत नाही, त्यामुळे उरतो तो शेवटचा टप्पा, आणि अंगाला लावायची औषधे काम करतात ती इथेच. ती डासाला मारत नाहीत, त्याला त्वचेवर बसू देत नाहीत. डीट हे त्यातले बरेच जुने आणि सर्वांत जास्त तपासलेले. अमेरिकी सैन्यासाठी ते १९४० च्या दशकात तयार झाले आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागले. त्याच्या बाटलीवरची टक्केवारी वाचताना बहुतेकांची गल्लत होते. जास्त टक्के म्हणजे जास्त जोरदार नव्हे, तर जास्त वेळ टिकणारे. २० ते ३० टक्क्यांचे डीट काही तास सहज निभावते आणि ५० टक्क्यांच्या पुढे टिकण्याचा काळ फारसा वाढत नाही. मग शंभर टक्क्यांची बाटली घेऊन त्वचा चिकट करून घेण्यात काय हशील?

तुमच्यासाठी मी २० टक्क्यांचे पिकारिडिन सुचवेन. डास आणि गोचिडी या दोहोंवर ते डीटच्या तोडीस तोड चालते, त्याला जवळपास वास नसतो आणि ते प्लास्टिक विरघळवत नाही. निलगिरीच्या लिंबाच्या वासाच्या एका जातीपासून मिळणारे पीएमडी हे औषधही गुणकारी आहे, पण त्याचा वास इतका उग्र असतो की तुमच्या कामाचे ते नाही.

जाता जाता: ध्वनिलहरींनी डास पळवणारी यंत्रे, ‘ब’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मनगटावरचे सुगंधी पट्टे यांवर पैसे घालवू नयेत.

मचाणकरी

वरचा प्रतिसाद शास्त्राच्या दृष्टीने चोख आहे, पण शिकाऱ्याचा प्रश्न वाऱ्यापासून सुरू होतो. वारा तुमच्याकडून सावजाकडे जात असेल तर औषध लावा अथवा लावू नका, माणसाचा वास हरणाला लागणारच आणि ते शेपटी उभारून निघून जाणार. वारा सावजाकडून तुमच्याकडे येत असेल तर पिकारिडिनच्या वासाने काही बिघडत नाही. म्हणून औषधाच्या वासाची चिंता करण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला निम्मा तरी मचाणाची जागा निवडण्यात घालवावा.

ही जागा कीटकांच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते. डास अशक्त उडतो आणि झुळूक असली की त्याला नेम धरून बसता येत नाही. साचलेल्या पाण्यालगतच्या, दाट झाडोऱ्याच्या, वारा कोंडलेल्या खळग्यात मचाण बांधले तर जगातले कोणतेही औषध अपुरे पडेल. संध्याकाळी उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि खाली घरंगळते. तीच हवा तुमचा गंधही खळग्यात नेऊन साठवते. उताराच्या वरच्या अंगाला, किंचित उघड्यावर बसल्यास डास कमी लागतात. मात्र सावज तुमच्या खालच्या बाजूने येणार असेल तर ही जागा सकाळी वापरावी, कारण ऊन चढू लागले की हवा उलट वर सरकते.

आता कपडे. माझ्या मते खरे काम कपड्यांनी करावे आणि त्वचेवरच्या औषधाने फक्त उरलेल्या फटी बुजवाव्यात. अर्धा टक्का तीव्रतेचे पर्मेथ्रिन हे कीटकनाशक शिकारीच्या किमान एक दिवस आधी बाहेर मोकळ्या हवेत कपड्यांवर, मोज्यांवर आणि बुटांवर फवारावे आणि कपडे पूर्ण सुकू द्यावेत. ओले असताना त्याला वास असतो, सुकल्यावर माणसाच्या नाकाला तरी तो जाणवत नाही. ते कापडाच्या धाग्याला धरून राहते, त्यामुळे पाच-सहा धुण्यांपर्यंत असर टिकतो आणि कारखान्यातच प्रक्रिया केलेल्या कपड्यांवर त्याहून कितीतरी जास्त. हे औषध कीटकाला नुसते हाकलत नाही, ते त्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालते. त्वचेवर ते कधीही लावू नये. त्वचा त्याचे लगेच विघटन करते, त्यामुळे तिथे त्याचा उपयोगही होत नाही. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवावेत, कारण पर्मेथ्रिन मांजरांना विषारी आहे. मासे आणि मधमाश्या यांनाही ते घातक असल्याने ओढ्याकाठी किंवा फुलोऱ्याजवळ फवारणी करू नये.

कापड घट्ट विणीचे पण ढगळ शिवणीचे असावे. अंगाला चिकटलेल्या कपड्यातून डास सोंड घालतो, हे गुडघे आणि खांदे ताणून बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

लपण

मी शिकारी नाही, लपणात बसून छायाचित्रे काढतो, पण निश्चल बसण्याची शिक्षा दोघांना सारखीच. उपकरणांविषयी लिहितो. डीट हे द्रावक आहे. चष्म्याची प्लास्टिकची काडी, घड्याळाची प्लास्टिकची काच, दुर्बिणीवरचे रबर, धनुष्याच्या मुठीवरचा किंवा बंदुकीच्या दस्त्यावरचा वार्निशचा थर, रेयॉन आणि ताणले जाणारे कृत्रिम कापड या सगळ्यांना ते मऊ किंवा चिकट करू शकते. सुती, लोकरी आणि नायलॉनच्या कापडाला ते काही करत नाही. डीट वापरायचेच असेल तर हाताच्या मागच्या बाजूवर घेऊन तिथून मानेला आणि कानांना लावावे, तळवे आणि बोटांची टोके कोरडी ठेवावीत. ऊन लागू नये म्हणून मलम लावत असाल तर ते आधी आणि औषध त्याच्यावर.

गॅसच्या लहान कुपीवर अ‍ॅलेथ्रिन या कीटकनाशकाची चकती तापवणारी खिशाएवढी उपकरणे मिळतात. बंद लपणात ती फार चांगली चालतात, मात्र बसण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी सुरू करावी लागतात, कारण बाष्पाचा थर जमायला तेवढा वेळ लागतो. उघड्या मचाणावर वारा असेल तर ते बाष्प उडून जाते, आणि वारा असेल तर डासही कमीच असतात. म्हणजे उपयोग उरतो तो नेमका निवांत, पडलेल्या हवेच्या संध्याकाळी. त्याला मंद वास येतो आणि हरणाने तो वास माणसाशी जोडला की उपकरण निरुपयोगी. याबाबत मचाणकरी यांचा अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

जाळीविषयी एक इशारा. डोक्यावरून घ्यायची साधी मच्छरजाळी डास अडवते, पण डोळ्यांना जेमतेम दिसणारी बारीक चावरी चिलटे तिच्या छिद्रांतून आरामात आत येतात, आणि आत आल्यावर त्यांना बाहेर जायची घाई नसते. पाणथळ आणि दलदलीच्या भागात बसायचे असेल तर जास्त बारीक छिद्रांची जाळी मुद्दाम मागून घ्यावी. काळ्या रंगाची जाळी घ्यावी, कारण फिकट जाळीवर प्रकाश पसरतो आणि पलीकडचे धूसर दिसते.

मचाणकरी

त्या तापत्या चकतीबद्दल माझे मत असे: वारा तोंडावर येत असेल तर ती पाठीमागे लटकवण्यात अर्थ नाही, कारण बाष्प तुमच्यापासून दूर जाते. ती वाऱ्याच्या बाजूला, पायांच्या पातळीवर ठेवावी, म्हणजे बाष्प तुमच्यावरून मागे जाते आणि सावजापर्यंत पोहोचत नाही. हरीण मागून येणार असेल तर तुमचा स्वतःचा गंधच आधी घात करील.

घोडमाश्यांचा उल्लेख कोणी केला नाही. त्या भर उन्हात, हलत्या गडद आकारावर झेप घेतात आणि सोंड टोचण्याऐवजी कातडी कापून रक्त चाटतात. त्या मुख्यतः नजरेने शिकार करत असल्याने अंगाला लावलेल्या औषधाची फारशी पर्वा करत नाहीत. मचाणापर्यंत चालत जाताना फिकट रंगाचा सदरा आणि रुंद कडेची टोपी घालावी आणि वर पोहोचल्यावर कपडे बदलावेत. वाहत्या पाण्याजवळच्या लहान काळ्या चावऱ्या माश्या दिवसाच चावतात, त्या केसांच्या कडेला आणि कॉलरच्या आत रांगत शिरतात. तिथे औषध लावायला माणसे हमखास विसरतात.

नाडीपरीक्षा

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून गोचिडींवरच बोलतो. माझ्या दृष्टीने शिकाऱ्याला खरा धोका डासांपेक्षा त्यांचा आहे.

गोचीड झाडावरून अंगावर पडत नाही आणि उडीही मारत नाही. ती गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर चढते, पुढचे पाय पसरून बसते आणि घासून जाणाऱ्या प्राण्याला चिकटते. त्या पुढच्या पायांवरच श्वासातला वायू आणि ऊब ओळखणारा अवयव असतो. म्हणून तिची चढाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत रोखायची. विजारीचे पाय मोज्यांत खोवावेत आणि मोजे, बूट, विजारीचा खालचा भाग यांवर वर सांगितलेले पर्मेथ्रिन असावे. अंगावरचे पिकारिडिन मदत करते, पण गोचिडींसाठी त्यावर एकट्यावर विसंबू नये.

शिकाऱ्यांकडून एक गोष्ट नेहमी निसटते. हरीण मेले आणि त्याचे अंग गार होऊ लागले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवा आसरा शोधत बाहेर पडतात. हरणांवर राहणारी पंख गळून पडणारी एक माशीही तशीच बाहेर येते. शिकार खांद्यावर टाकून नेण्याची हौस म्हणूनच महागात पडते. ओढत न्यावी किंवा पसरट पट्ट्यावर ठेवून न्यावी आणि सोलताना हातमोजे घालावेत.

घरी आल्यावर कपडे धुण्याआधी, कोरडे असतानाच, कपडे वाळवण्याच्या यंत्रात जास्त उष्णतेवर दहा मिनिटे फिरवावेत. गोचिडी पाण्यात सहसा मरत नाहीत, कोरड्या उष्णतेने मरतात. दोन तासांच्या आत आंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, बेंबी, कानांमागे आणि टाळू तपासावी. चिकटलेली गोचीड टोकदार चिमट्याने त्वचेला अगदी लगटून धरावी आणि सरळ, एकसारख्या ओढीने काढावी. तेल ओतणे, पेटती काडी लावणे, पिळणे यांपैकी काहीही करू नये. लाइम रोगाचे जिवाणू तिच्या आतड्यातून यायला बहुधा २४ तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्याच दिवशी तपासण्याला महत्त्व आहे. मात्र गोचिडींतून येणारे काही विषाणू काही मिनिटांतच शरीरात शिरतात, त्यामुळे ‘लगेच काढली, आता काळजी नाही’ असे धरून चालू नये. पुढच्या काही आठवड्यांत ताप, पसरत जाणारा लालसर चट्टा किंवा सांधेदुखी आली तर डॉक्टरांना गोचिडीविषयी आवर्जून सांगावे.

आणखी एक विचित्र गोष्ट. काही जातींच्या गोचिडींच्या चाव्यानंतर माणसाला अल्फा-गॅल या शर्करेची ॲलर्जी होते आणि ती शर्करा सस्तन प्राण्यांच्या मांसात असते. मटण किंवा हरणाचे मांस खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोट बिघडते, क्वचित श्वासही कोंडतो. इतक्या उशिरा लक्षणे दिसल्याने खाण्याशी त्याचा संबंध अनेकांच्या लक्षातच येत नाही.

पाणवठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पर्मेथ्रिनची फवारणी येत्या सुट्टीच्या दिवशी करतो आणि अंगाला पिकारिडिन घेतो. एकच शंका उरली. डोक्यावर जाळी असताना धनुष्य पूर्ण ताणले की हात गालाच्या कोपऱ्याला येऊन टेकतो आणि प्रत्यंचा नाकाच्या शेंड्याला लागते. जाळी मध्ये आली तर नेमाचा अंदाज चुकतो. जाळी काढूनच बाण सोडावा का?

मचाणकरी

काढू नये, ती काढायला होणारी हालचाल हीच सर्वांत वाईट वेळी होते. ढगळ जाळी टाळून चेहऱ्याला बसणारा, डोळ्यांपाशी उघडा असलेला जाळीदार मुखवटा घ्यावा आणि डोळ्यांजवळची जागा सोडून चेहऱ्याच्या उघड्या भागावर औषधाचे बोट फिरवावे. हाताचा टेका गालावर कापडासकट कसा लागतो याची सवय सरावातच करावी, म्हणजे तोच मुखवटा घालून, तेच हातमोजे घालून, मैदानावर बाण सोडून पाहावेत. धनुष्य धरणाऱ्या हाताची बाही प्रत्यंचेच्या वाटेत येत असेल तर कोपराच्या खाली कापड पट्ट्याने बांधून घ्यावे. ढगळ कपडे डासांसाठी चांगले, पण प्रत्यंचा त्यात अडकली तर बाण कुठे जाईल याचा नेम राहत नाही.